सर्व्हर बंद असतो तेव्हा मेल कुठे असतो?

मेल सर्व्हर कधी ना कधी बंद करून पुन्हा सुरू करावाच लागतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नेलमधली, सुरक्षा-दुरुस्ती बहुधा यंत्र नव्याने सुरू केल्याशिवाय लागू होत नाही. कधी मेलचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर न्यायचा असतो, कधी डिस्क बदलायची असते, तर कधी महिनोन्‌महिने चाललेला एखादा प्रोग्राम मेमरी खात खात फुगलेला असतो. मग कार्यालयात, महाविद्यालयात किंवा बँकेत सूचना फिरते: शनिवारी रात्री अकरा ते बारा मेल सेवा बंद राहील. ती वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती त्या तासाभरात येणाऱ्या मेलची. तो परत जाणार, ताटकळणार, की गहाळ होणार?

बहुतेक वेळा तो ताटकळतो आणि उशिरा का होईना, पोहोचतो. यात सर्व्हर सांभाळणाऱ्याचे कौशल्य थोडे आणि मेलच्या रचनेचा वाटा मोठा असतो. समोरचे यंत्र बंद असू शकते हे गृहीत धरूनच ही रचना झाली आहे. खरी जोखीम वेगळ्या ठिकाणी असते: डिस्कवर न उतरलेल्या मजकुरात, उलट्यासुलट्या क्रमाने सुरू झालेल्या सेवांमध्ये, आणि मेल पुन्हा पाठवून पाहायचा असतो हे ज्यांना शिकवलेलेच नाही अशा प्रोग्रामांमध्ये.

रीस्टार्ट या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामे मोडतात. नुसती सेटिंग्ज बदलली असतील तर चालू प्रोग्रामला ती पुन्हा वाचायला सांगता येते. याला रीलोड म्हणतात आणि त्यात सेवा जवळजवळ थांबतच नाही. दुसरे काम मेलचा प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू करण्याचे. त्याला काही सेकंद पुरतात. तिसरे म्हणजे अख्खे यंत्र बंद करून चालू करणे. मोठ्या सर्व्हरला नुसती स्वतःची तपासणी करून उभे राहायलाच कित्येक मिनिटे लागतात, आणि मोठ्या डिस्कची दुरुस्ती-तपासणी निघाली तर तास मोडतो. जिथे रीलोडने भागते तिथे यंत्र बंद करण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती आळसातून आलेली असते, तिला तांत्रिक कारण नसते.

बंद यंत्र गृहीत धरणारी ही रचना जुनी आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर मेल पाठवला तो १९७१ साली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ या दस्तऐवजात एसएमटीपी हा नियमसंच मांडला. आजही एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातो तो याच नियमांनी. २००१ मध्ये आरएफसी २८२१ आणि २००८ मध्ये आरएफसी ५३२१ असे त्याचे सुधारलेले पाठ आले, पण सांगाडा जुनाच राहिला. एसएमटीपी आला त्या काळात दोन संगणक सदासर्वकाळ जोडलेले असणे ही चैन होती. युनिक्स यंत्रांमध्ये यूयूसीपी नावाची पद्धत चाले. तिच्यात एक संगणक ठरावीक वेळी दुसऱ्याला टेलिफोन लावी, साठलेले मेल देई, घेई आणि फोन ठेवी. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या एर्नेट प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी मुंबई सहभागी होत्या, आणि तिथले सुरुवातीचे मेल असेच डायल-अप जोडणीवरून जात. पलीकडचे यंत्र या क्षणी उपलब्ध नाही ही तेव्हा अडचण नव्हती, रोजची स्थिती होती. म्हणून मेल जवळ साठवायचा आणि संधी मिळताच पुढे सरकवायचा, हे तत्त्व मेलमध्ये पहिल्यापासून मुरले आहे.

सगळा प्रश्न एका जागी येऊन ठेपतो: अमुक क्षणी मेलची जबाबदारी कोणाकडे आहे? याचे उत्तर दोन सर्व्हरांच्या संभाषणात सापडते. नाशिकच्या एका सर्व्हरला पुण्याच्या सर्व्हरकडे मेल द्यायचा आहे असे समजू. नाशिक जोडणी करतो. पुणे २२० हा आकडा पाठवून तयार असल्याचे कळवतो. नाशिक आपले नाव सांगतो, मग मेल कोणाकडून आहे ते सांगतो, मग कोणासाठी आहे ते सांगतो. प्रत्येक वाक्यावर पुण्याकडून २५० हा होकार येतो. त्यानंतर नाशिक मजकूर देऊ का असे विचारतो आणि ३५४ हे उत्तर आले की सगळा मजकूर ओळीमागून ओळ पाठवतो. मजकूर संपल्याची खूण म्हणजे एका ओळीवर एकटा पूर्णविराम. या टिंबानंतर पुणे जो २५० पाठवतो ती मेलची पोच. आधीचे २५० केवळ हुंकार असतात. हा शेवटचा मात्र करार असतो.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पावती हातात पडेपर्यंत गठ्ठा आपला, आणि पावती फाडली की रेल्वेचा, तसाच हा व्यवहार आहे. शेवटचा २५० मिळेपर्यंत नाशिकने आपली प्रत पुसायची नसते. तो दिल्यावर पुण्याने मेल हरवायचा नसतो. आरएफसी ५३२१ याबाबत फार स्पष्ट आहे: पोच देणाऱ्या सर्व्हरने मेल पुढे पोहोचवण्याची किंवा न पोहोचल्याचे कळवण्याची जबाबदारी घेतलेली असते, आणि यंत्र नंतर कोसळले किंवा आधीच दिसत असलेली जागेची टंचाई आली अशा फुटकळ कारणांनी तो मेल गमावता कामा नये. नियोजित रीस्टार्ट तर कोसळण्याहूनही सौम्य. त्यात मेल गेला तर नियम धाब्यावर बसवला गेला असेच म्हणावे लागेल.

आता पुण्याचा सर्व्हर बंद आहे असे धरू. नाशिकची जोडणीच होत नाही. नाशिक मेल परत फिरवत नाही. तो आपल्या रांगेत ठेवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या उत्तरांमध्ये पहिल्या आकड्याला अर्थ असतो. चारने सुरू होणारे उत्तर म्हणजे सध्या जमत नाही, नंतर या. पाचने सुरू होणारे म्हणजे हे कधीच जमणार नाही, परत जा. जोडणीच न होणे हे चारच्या बरोबरीचे मानले जाते. नियमानुसार दोन प्रयत्नांमध्ये साधारण अर्धा तास तरी जाऊ द्यावा, आणि हार मानण्यापूर्वी किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत. तासाभराच्या रीस्टार्टपुढे पाच दिवसांची मुदत म्हणजे भरपूर सैल दोरी झाली.

पोस्टफिक्स हा लिनक्सवर फार वापरला जाणारा मेल प्रोग्राम. वित्से वेनेमा यांनी तो आयबीएममध्ये असताना लिहिला आणि १९९८ अखेरीस तो सर्वांसाठी खुला झाला. त्याचे मूळ आकडे पाहिले की मेलला उशीर किती होईल याचा अंदाज बांधता येतो. अडकलेल्या मेलसाठी तो दोन प्रयत्नांमध्ये कमीत कमी ३०० सेकंद थांबतो, आणि मेल जितका जुना होत जाईल तितकी प्रतीक्षा वाढवत ती ४,००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाहून थोडी पुढे, नेतो. पाच दिवसांनी तो प्रयत्न सोडतो. त्यामुळे सर्व्हर बारा वाजता उठला तरी सगळे मेल बाराच्या ठोक्याला येत नाहीत. काही पहाटे एकच्या सुमारास टपकतात, आणि आधी पाठवलेला मेल नंतर पाठवलेल्याच्या मागून येतो. ओटीपीसारख्या दहा मिनिटांत मरणाऱ्या मेलच्या दृष्टीने हा उशीर हरवण्याइतकाच वाईट. पण तो दोष रीस्टार्टचा धरायचा की असे काम मेलवर टाकणाऱ्याचा, हा प्रश्न उरतोच. एसएमटीपीने वेळेत पोहोचवण्याचे वचन कधीच दिलेले नाही.

तात्पुरत्या नकाराने मेल हरवत नाही याचा मोठा पुरावा ग्रेलिस्टिंग या पद्धतीतून मिळतो. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी सुचवलेल्या या पद्धतीत अनोळखी सर्व्हरकडून आलेला पहिला मेल मुद्दाम चारच्या आकड्याने परतवला जातो. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो. घाईत लाखो मेल फेकणारे स्पॅमचे प्रोग्राम पुष्कळदा फिरकत नाहीत. जगभरातल्या कितीतरी सर्व्हरांनी ही युक्ती वर्षानुवर्षे वापरली. ठणठणीत चालणारा सर्व्हर आपण बंद असल्याचे सोंग करतो आणि तरीही खरा मेल पोहोचतो.

संभाषणात एक नाजूक फट मात्र आहे. टिंब पोहोचले, पुण्याने मेल डिस्कवर नीट उतरवला, आणि २५० पाठवण्याआधीच यंत्र बंद झाले किंवा जोडणी तुटली तर? पुण्याकडे मेल आहे. नाशिकला पोच मिळालेली नाही, म्हणून नाशिक तोच मेल पुन्हा पाठवणार. वाचणाऱ्याच्या पेटीत एकच मेल दोनदा दिसतो. क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये आरएफसी १०४७ हा छोटा दस्तऐवज नेमका याच दुखण्यावर लिहिला. टिंब मिळाल्यावर सर्व्हरने लांबलचक कामे काढत बसू नये, लवकर पोच द्यावी, हा त्याचा सल्ला. पाठवणाऱ्याने या पोचीसाठी दहा मिनिटे थांबावे असा नियम आहे. फट अरुंद करता येते, पण बुजवता येत नाही. दोन यंत्रांमध्ये निरोप हरवू शकतो तोवर ती राहणारच. तेव्हा निवड दोनच गोष्टींमध्ये होती: मेल कधीमधी दोनदा जाणे किंवा कधीमधी अजिबात न जाणे. एसएमटीपीने पहिली पत्करली. रीस्टार्टनंतरच्या सकाळी आलेला जुळा मेल हा बिघाड नसून त्या निवडीची खूण असते.

सगळी भिस्त ‘डिस्कवर नीट उतरवला’ या शब्दांवर आहे, आणि हेच तीन शब्द सर्वांत जास्त दगा देतात. प्रोग्रामने फाइल लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेली असे नसते. ऑपरेटिंग सिस्टीम मजकूर आधी मेमरीत घेते आणि सवडीने डिस्कवर टाकते. मधल्या काही सेकंदांत वीज गेली तर मजकूर गेला. म्हणून मेल प्रोग्राम एफसिंक हा आदेश देतात: हा मजकूर खरोखर डिस्कवर जाईपर्यंत मला पुढे जाऊ देऊ नका. पोस्टफिक्समध्ये हे पाहायला मिळते. आलेल्या मेलची फाइल रांगेच्या डिरेक्टरीत आधी ०६०० या परवानगीने तयार होते. मजकूर पूर्ण आला की परवानगी ०७०० केली जाते, फाइल डिस्कवर पक्की केली जाते, आणि त्यानंतरच पोच जाते. यंत्र मध्येच बंद पडले तर उठल्यावर रांग सांभाळणारा प्रोग्राम ०६०० च्या अर्धवट फायलींकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यांची पोच दिलेलीच नसते, म्हणून पाठवणारा त्या पुन्हा पाठवणार असतो.

या काटेकोरपणाची किंमत वेगात मोजावी लागते, आणि ती चुकवण्याचा मोह जुना आहे. सेंडमेल या एरिक ऑलमन यांच्या प्रोग्राममध्ये सुपरसेफ नावाची सेटिंगच आहे. ती बंद केली तर मेल रांगेत पक्का न करताच पुढे ढकलता येतो, वेग वाढतो आणि पोचीचा अर्थ पातळ होतो. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी२ फाइल सिस्टीमवर फाइलचा मजकूर पक्का झाला तरी डिरेक्टरीतले तिचे नाव मेमरीतच राहण्याची शक्यता असे. म्हणून रांगेच्या डिरेक्टरीला सतत लगेच लिहिण्याची खूण लावून ठेवत. त्याही खाली डिस्कची स्वतःची मेमरी असते, आणि काही स्वस्त डिस्क मजकूर तिथे पडताच लिहून झाल्याचे सांगून मोकळ्या होतात. नियोजित रीस्टार्टमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम बंद होताना सगळे उरलेले लिखाण डिस्कवर ढकलते, त्यामुळे हा धोका जवळपास नाहीसा होतो. यंत्र ‘अडकले’ म्हणून कोणी वैतागून पॉवरचे बटण दाबून धरले की तो पूर्ण ताकदीने परत येतो.

मेल पेटीत कोणत्या रूपात ठेवला आहे यावरही बरेच ठरते. जुन्या एमबॉक्स पद्धतीत एका माणसाचे सगळे मेल एकाच लांब फाइलमध्ये एकाखाली एक असतात. मधला एक मेल पुसायचा तर फाइलचा पुढचा भाग पुन्हा लिहावा लागतो, आणि तेवढ्यात यंत्र बंद झाले तर पुढचे सगळेच मेल गोत्यात येतात. शिवाय दोन प्रोग्रामांनी एकदम हात घालू नये म्हणून कुलपाची फाइल ठेवतात. रीस्टार्टनंतर ती तशीच मागे राहिली तर पेटी बराच वेळ उघडत नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात क्यूमेल हा मेल प्रोग्राम लिहिताना मेलडिर ही पद्धत काढली, तिने हे दोन्ही प्रश्न मुळातून संपवले. प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आणि तीन डिरेक्टऱ्या: टीएमपी, न्यू आणि कर. मेल आधी टीएमपीमध्ये लिहायचा, पक्का करायचा, मग एका झटक्यात न्यूमध्ये आणायचा. वाचणाऱ्याच्या प्रोग्रामने पाहिला की तो करमध्ये जातो. मेल न्यूमध्ये असतो किंवा नसतो. अर्धा कधीच नसतो. टीएमपीमध्ये छत्तीस तासांहून जुने काही राहिले तर ते अपुऱ्या प्रयत्नाचे अवशेष समजून पुसून टाकतात. कुलूप लागत नाही. इतकी साधी आणि इतकी भक्कम कल्पना या क्षेत्रात क्वचितच सापडते.

सर्व्हर बंद करण्याचीही रीत असते. पोस्टफिक्सला थांबण्याचा साधा आदेश दिला की चालू कामे हातावेगळी करून त्याचे भाग एकेक करून निघून जातात. ॲबॉर्टचा आदेश दिला तर सगळे जागच्या जागी तोडले जाते. एसएमटीपीतही निरोपाचा आकडा आहे, ४२१: सेवा उपलब्ध नाही, जोडणी बंद करत आहे. तो चारने सुरू होतो, म्हणजे पाठवणाऱ्याने मेल जवळ ठेवून नंतर यायचे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये याला ड्रेनिंग म्हणतात. बंद करायच्या सर्व्हरने नवे मेल घेणे थांबवायचे, आधीची रांग रिकामी होऊ द्यायची किंवा शेजारच्या सर्व्हरकडे वळवायची आणि मगच देखभालीला जायचे. एक्स्चेंज २०१० पासून शॅडो रिडन्डन्सी नावाची सोय आली. पुढच्या टप्प्याने मेल खरोखर पुढे दिला हे कळेपर्यंत आधीचा सर्व्हर आपली प्रत पुसत नाही. पोचीवरचा विश्वास थोडा कमी करून घेतलेली ही खबरदारी आहे, आणि मोठ्या संस्थेत ती परवडते.

मेल घेणारा प्रोग्राम नियम पाळतो, पण त्याच्या पुढे किंवा मागे बसवलेला विषाणू तपासणारा किंवा स्पॅम गाळणारा प्रोग्राम तितका सोवळा असेलच असे नाही. त्याने मेल नुसता मेमरीत घेऊन पोच दिली आणि रीस्टार्टमध्ये मेमरी पुसली गेली, तर मेल कायमचा जातो. पाठवणाऱ्याने प्रत पुसलेली असते आणि घेणाऱ्याकडे तिचा मागमूस नसतो. असा गाळणीचा टप्पा निवडताना तो पोच केव्हा देतो हे विचारणे जाहिरातीतले बाकी सगळे गुण वाचण्याहून महत्त्वाचे ठरते.

उठण्याच्या वेळी चुका जास्त होतात. यंत्र चालू झाले की अनेक सेवा एकदम जाग्या होतात आणि त्यांचा क्रम चुकतो. मेल घेणारा प्रोग्राम उभा राहिला, पण खातेदारांची यादी ज्या डेटाबेसमध्ये आहे तो अजून उठायचा आहे. प्रोग्राम नीट मांडलेला असेल तर तो ४५१ म्हणतो आणि मेल थांबतो. पण यादी रिकामी दिसली म्हणून त्याने असा कोणी माणूसच नाही असे मानले तर उत्तर जाते ५५०, आणि पाठवणारा तत्काळ मेल परत फिरवतो. पाच मिनिटांच्या या घोळात पूर्ण बंद सर्व्हरपेक्षा जास्त नुकसान होते. हे टाळण्यासाठी पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स नावाची सेटिंग आहे. ती चालू असेपर्यंत पाचने सुरू होणारे नकार चारचे होऊन जातात. देखभालीच्या रात्री ती लावून ठेवणे शहाणपणाचे, आणि काम झाल्यावर काढणेही.

याहून चमत्कारिक प्रकार डिस्कच्या जोडणीचा. पेट्या दुसऱ्या डिस्कवर असतात आणि ती डिस्क ठरलेल्या डिरेक्टरीवर जोडली जाते. रीस्टार्टनंतर ती जोडली जायच्या आतच मेल प्रोग्राम सुरू झाला, तर तो त्या जागेच्या रिकाम्या डिरेक्टरीत मेल टाकू लागतो. थोड्या वेळाने डिस्क जोडली जाते आणि तिच्याखाली आधीचे मेल झाकले जातात. लॉग म्हणतो मेल पेटीत टाकला, पेटीत मात्र मेल नाही. डिस्क पुन्हा सोडवून पाहिल्याशिवाय ते सापडत नाहीत.

मोठ्या सेवांनाही हे धडे चुकलेले नाहीत. १ सप्टेंबर २००९ रोजी जीमेलचे काही सर्व्हर नेहमीच्या देखभालीसाठी काढून घेतले गेले. मागण्या वाटून देणाऱ्या राउटरांवर किती भार येईल याचा अंदाज चुकला, ते एकामागून एक हात टेकू लागले आणि वेबवरून जीमेल सुमारे १०० मिनिटे उघडेना. पण येणाऱ्या मेलची वाट वेगळी होती. ती चालू राहिली, आणि आयमॅप व पॉप या पद्धतींनी स्वतंत्र प्रोग्राममधून मेल वाचणाऱ्यांना फारसे काही जाणवले नाही. १५ डिसेंबर २०२० ची गोष्ट उलटी. सेटिंग्जच्या नव्या व्यवस्थेकडे जाताना झालेल्या चुकीमुळे जीमेलचा मेल घेणारा भाग चालू होता, पण अस्तित्वात असलेल्या पत्त्यांनाही ५५० देत होता. पाठवणाऱ्यांना असे खातेच नाही असे कळले, मेल परत गेले, आणि काही स्वयंचलित याद्यांनी ते पत्ते मेलेले समजून वगळायला सुरुवात केली. बंद दारापेक्षा चुकीचे उत्तर महाग पडते, ते असे.

१ जानेवारी २०२२ ला एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ च्या सर्व्हरांवर मेल अडकले ते तारखेच्या आकड्यामुळे. विषाणू तपासणाऱ्या भागात नव्या वर्षाची नोंद २२०१०१०००१ अशी झाली, आणि ३२ बिटांच्या चिन्हयुक्त संख्येत जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावते. तपासणी बंद पडली, मेल रांगेत साचले. ते हरवले मात्र नाहीत. अनेक ठिकाणी तपासणी तात्पुरती बंद करून मेल वाहणारी सेवा रीस्टार्ट केल्यावर ते पुढे गेले. रीस्टार्टने मेल जाण्याऐवजी मोकळे झाल्याचे हे उदाहरण.

एक सर्व्हर बंद असताना दुसऱ्याने मेल घ्यावा म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एकाहून अधिक एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी, ठेवता येतात. ही सोय १९८६ पासूनची. लहान आकड्याची नोंद आधी, ती न लागल्यास मोठ्या आकड्याची. कागदावर ही तरतूद छान दिसते, प्रत्यक्षात राखीव सर्व्हर बहुधा दुर्लक्षित राहतो. त्याच्याकडे खातेदारांची ताजी यादी नसते, स्पॅमवाले मुद्दाम तिथूनच शिरतात, आणि कधी तो तुमच्यासाठी मेल घेण्याचेच विसरलेला असतो. मुख्य सर्व्हर रीस्टार्टसाठी बंद होताच सगळे मेल तिकडे वळतात आणि ५५४ ऐकून परत फिरतात. राखीव सर्व्हर नसता तर तेच मेल पाठवणाऱ्यांच्या रांगेत सुखरूप राहिले असते. पाठवणाऱ्यांच्या पाच दिवसांच्या रांगा फुकट उपलब्ध असताना लहान संस्थेने निष्काळजीपणे चालवलेला राखीव सर्व्हर ठेवूच नये.

खरेखुरे हरवणारे मेल बहुतेक दुसऱ्याच बाजूचे असतात. संस्थेतले वेतनपत्रक पाठवणारे सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा अर्ज, रात्रीचा बॅकअप झाल्याचे कळवणारी स्क्रिप्ट, कागद स्कॅन करून मेल करणारे यंत्र: हे सगळे स्वतःची रांग न ठेवता थेट सर्व्हरशी बोलतात. सर्व्हर बंद दिसला की एकदा प्रयत्न करून गप्प बसतात, आणि कित्येकदा चूक नोंदवतही नाहीत. यावर उपाय साधा आहे: अशा प्रत्येक यंत्रावर छोटा मेल प्रोग्राम ठेवावा आणि सॉफ्टवेअरने त्यालाच मेल द्यावा. मग रांग त्याची, आणि पुन्हा पाठवण्याचे कामही त्याचे.

मेल वाचणाऱ्याच्या बाजूला धोका कमी आहे. पॉपच्या नियमांत, १९९६ च्या आरएफसी १९३९ मध्ये, एक शहाणी तरतूद आहे: मेल पुसा असे सांगितले तरी तो लगेच पुसला जात नाही, क्विट म्हणून नीट निरोप घेतल्यावरच पुसला जातो. मध्येच सर्व्हर बंद झाला तर पुसण्याचे सगळे आदेश रद्द, आणि पुढच्या वेळी तेच मेल पुन्हा उतरतात. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे जोडणी तुटली तर पुन्हा जोडणे एवढेच उरते. तिथला एक घोटाळा मात्र नेहमीचा. मेल पाठवणे आणि त्याची प्रत ‘पाठवलेले’ या कप्प्यात ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले झाले आणि दुसऱ्याच्या आधी सर्व्हर गेला, तर मेल पोहोचतो पण प्रत दिसत नाही, आणि पाठवणारा न पाठवला असे समजून तोच मेल पुन्हा लिहितो.

देखभालीची वेळ निवडणेही वाटते तितके सोपे नसते. भारतातले रात्रीचे दोन म्हणजे हिवाळ्यात न्यू यॉर्कला दुपारचे साडेतीन. पुण्यातल्या ज्या कंपनीचे ग्राहक तिकडे आहेत, तिची शांत वेळ भर कामाच्या तासांत पडते. रीस्टार्टपूर्वी रांगेत किती मेल आहेत ते पाहून ठेवणे, बाहेरून मेल घेणे आधी थांबवणे, बॅकअप ताजा आहे याची खात्री करणे, आणि नंतर बाहेरच्या पत्त्यावरून एक मेल आत व आतून एक बाहेर पाठवून दोन्ही पोहोचल्याचे पाहणे, एवढे केले तरी निम्मी काळजी मिटते. जुने यंत्र टाकून नवे आणताना त्या यंत्राची रांग रिकामी झाल्याचे पाहणे मात्र हमखास राहते. पोच दिलेले, पण पुढे न गेलेले मेल त्या डिस्कवर असतात, आणि डिस्क पुसली की त्यांची कोणाकडेच प्रत उरत नाही.

ज्याने देखभालीच्या वेळेत मेल पाठवला आहे त्याने लगेच दुसरा पाठवण्याची घाई करू नये. पाठवणाऱ्या सर्व्हरकडून अहवाल आला तर त्यातला ॲक्शन हा शब्द शोधावा. त्यापुढे ‘डिलेड’ असेल तर मेल अजून रांगेत आहे आणि दुसरा पाठवला तर दोन पोहोचतील. ‘फेल्ड’ असेल तर त्या सर्व्हरने प्रयत्न सोडला आहे. मग मेल पुन्हा पाठवावाच लागतो.